सहा धोतरांची हकीकत

मु. देवपूर, धुळे.
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६७

तीर्थस्वरूप तानुअक्काच्या पायांवर धाकट्या रुपचंदाचं डोकं. डोक्यावरचे केस गेले, पण डोकं जागच्या जागी आहे आणि त्याखालचे दातही सगळे आहेत (दातांची हकीकत पुढे येते आहे, ती विसरू नकोस). तुझ्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या पत्रात निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता, तो बांधलास की शेळीला घातलास? बोदवडला यंदा थंडी लवकर पडली असं ऐकतो. चुलीपाशी बसत जा, उजाडल्याशिवाय आंघोळ करू नकोस, आणि शहाऐंशी वर्षं झाली म्हणून देवाला उगाच घाईला आणू नकोस. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. मी तर गेले पंधरा दिवस असा तापलो आहे, की तुझी भावजय म्हणते, यांच्या पाठीवर चार ज्वारीचे दाणे टाकले तर लाह्या फुटतील.

जीवराम मास्तरांना नमस्कार. मास्तर, तुम्ही अक्काला माझी पत्रं वाचून दाखवता हे तुमचे उपकार. पण ओट्यावर बसून दाखवता आणि अर्धी गल्ली भाजी निवडत ऐकते, हे काही बरं नाही. निदान कंसातलं तरी हळू वाचावं. आणखी एक, हे पत्र जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं आहे. कागदाची पाठ कोरी असताना नवा कागद घ्यायचा म्हणजे मला जेवणाचं ताट अर्धं टाकून उठल्यासारखं वाटतं. पुढच्या बाजूला ज्यांची लग्नं छापली आहेत त्यांची पोरं आता शाळेत जातात, तेव्हा ती बाजू वाचून बोदवडात कोणी आहेर घेऊन निघू नये.

अक्का, आधी मुद्द्याचं. आपली पुष्पा, माझ्या झुलालची लेक, जळगावहून बाळंतपणाला आली आहे. नववा भरत आला. तिची पहिली दोन राहिली नाहीत हे तुला ठाऊकच आहे. एक सहा दिवसांचं गेलं, दुसरं पाचवीही बघू शकलं नाही. पोर भिंतीला टेकून वाती वळत बसते, आणि कोणी पाहिलं की हसते. तिचं ते हसणं मला बघवत नाही. या खेपेला तिच्या बाळाला अंगाला लावायला जुनं कापड कोणाचं, यावरून आमच्या घरात भांडण पेटलं आहे, आणि त्याचा निकाल तू द्यायचा आहेस. मी वादी, तुझी भावजय प्रतिवादी. माझी बाजू नीट कळावी म्हणून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो.

तुला आपल्या आईची शिकवण ठाऊक आहे. घरातून धूर सोडून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. मी ती आजवर पाळली. मी शाळेत गेलो नाही, वाण्याच्या पुड्या सोडून सोडून वाचायला शिकलो, त्यामुळे माझं ज्ञान तेलकट आहे आणि पुष्कळदा ऐन रंगात आलं असता फाटतं (एका राजाचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण त्या दिवशी हिंग फक्त पैशाचाच घेतला होता). पण धोतराच्या बाबतीत माझ्याइतका शिकलेला माणूस धुळ्यात दुसरा नाही. धोतर नवं असताना लग्नाला आणि बाजाराला. काठ विटला की घरात. मधे विरलं की दोन्ही टोकं जोडून उलटं नेसायचं, म्हणजे विरलेला भाग कडेला जातो आणि आणखी वर्षभर लाज राखतो. मग फाडून दोन पंचे. पंच्याची चार फडकी, भाकरी गुंडाळायला आणि ताक गाळायला. फडक्याची बाळुती. बाळुत्याचं चुलीपुढचं पोतेरं. पोतेऱ्याचा काकडा, तेलात बुडवून पेटवायचा, आणि त्याची जी राख होते तिने भांडी घासायची. ती राख वाहून परसातल्या घोसाळ्याच्या मुळाशी जाते. घोसाळं आम्ही खातो. एवढं सगळं झाल्यावर त्या धोतराने मरायला हरकत नाही.

असं असताना ज्या घरात चाळीस वर्षांत एक चिंधी विकत आणली नाही, त्या घरात परवा तुझी भावजय ताक गाळायला फडकं नाही म्हणून ताकाच्या भांड्यापुढे गालाला हात लावून बसली होती. फडकं नाही, पोतेरं नाही, काकडा नाही. कारण वरून धोतरच खाली येत नाही. उगमालाच कोणी पाणी अडवलं तर खाली पांझरा कुठून वाहणार?

याचं मूळ म्हणजे आमच्या आळीतली सुईण हसीनाबी. बाई देवमाणूस आहे, निम्मं देवपूर तिच्या हातावर जगात आलं, पण तिची जीभ तिच्या हातापेक्षा चपळ. गेल्या चैत्रात शेजारच्या वनाच्या घरी त्याची लेक बाळंत झाली. पोरगं दिवस भरण्याआधी आलं, मुठीएवढं. घरात कापड म्हणाल तर रेशनच्या कार्डावर मिळालेलं कंट्रोलचं नवं कोरं. लढाई संपत आली म्हणत होते, आता तर संपलीसुद्धा, पण कापड अजून लढाईवरून घरी आलेलं नाही. जे येतं त्याला कांजीच इतकी, की जमिनीवर ठेवलं तर माणसासारखं उभं राहतं. त्यात ते मुठीएवढं पोर गुंडाळलं असतं तर सोलून निघालं असतं. हसीनाबीने इकडेतिकडे पाहिलं, दोन घरांमधल्या गडग्यावरून हात घातला, माझा वाळत घातलेला पंचा ओढला आणि पोर त्यात गुंडाळलं. पोर जगलं. आज ते दुधी भोपळ्यासारखं झालं आहे आणि माझ्या दारात येऊन माझ्याच चपला चावतं. त्याच्या पाचवीला हसीनाबी चार बायकांसमोर म्हणाली, "रुपचंदभाऊ के धोतर में बरकत है. अठ्ठ्याहत्तर का आदमी और बत्तीस दात. पहनेगा सो जियेगा."

झालं. तिथून सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, आधी मलाही गुदगुल्या झाल्या. कोणी दारात येऊन आबा, आबा म्हणतं, नारळ पुढे ठेवतं, तुमच्यासारखं आयुष्य लाभू दे म्हणतं, तेव्हा माणूस फुगतो. दुसरं धोतर मी हसत दिलं, मारुतीच्या पुजाऱ्याच्या नातवाला. वर आशीर्वाद दिला आणि चहा पाजला. पण पुढे जे लोक यायला लागले त्यांना माझा आशीर्वाद नकोच होता. त्यांची नजर थेट कमरेच्या खाली. कापडणे, फागणे, सोनगीर, कुठून कुठून बैलगाड्या सोडून आमच्या ओट्याशी. मला बैलासारखं पारखायचे. सोनगीरच्या एका म्हातारीने तर तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं होतं.

"आबा, बठ्ठा दात शेतस ना?" तिने विचारलं.

म्हटलं, सगळे आहेत.

"आणि वय कितलं शे?"

म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. तर तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "आम्हाले हसीनाबीनी ऐंशी सांगेल होतं. ऐंशी म्हना ना, आबा, तुमनं काय जास?" आता बोल. माझं वय, आणि घासाघीस ती करणार. शेवटी मी एकोणऐंशीवर तोडलं (मास्तर, हे हळू). ती गेली ती तीन फडकी घेऊन. म्हणजे कडधान्य मोड यायला बांधून ठेवतात ती फडकी. मटकी तशीच उघडी पडली.

तिसरं धोतर चोरीला गेलं. चोरी म्हणू नका, असं तुझी भावजय म्हणते, पण मग काय म्हणू? मी पांझरेवर धोतर धुतलं, खडकावर वाळत घातलं आणि पाण्यात उतरलो. अंगाला साबण लावलेला. वळून पाहतो तो पुना चाललेला. हा पुना म्हणजे कोर्टातला पेन्शनीत निघालेला कारकून, टोपी घातल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. माझं ओलं धोतर घडी करून काखेत, आणि खडकावर धोतराच्या जागी नारळ आणि खडीसाखर. मी ओरडलो. तो थांबला, हात जोडून म्हणाला, "आबा, सुनेला कळा सुरू झाल्या आहेत. विचारायला वेळ नाही," आणि पळाला. मी पाण्यात. नारळ नेसून घरी जाता येत नाही, अक्का. मी दुपारपर्यंत त्या पाण्यात बसलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत राहिलो, की पाणी आज छान आहे. शेवटी तुझी भावजय छत्री घेऊन आली. छत्री का आणली हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

पण पुनाने निदान त्या धोतराची झबली तरी केली. मला खरा जाळ झाला आहे तो चौथ्या धोतराचा, आणि तो लावला आहे माझ्या पोटच्या पोराने. झुलाल कापसाच्या जिनात कामाला आहे हे तुला माहीत आहे. तिथल्या मॅनेजरच्या घरून निरोप आला, की बाईंना दिवस आहेत, म्हाताऱ्यांचं एखादं धोतर मिळेल तर बरं. या शहाण्याने मला न विचारता पेटीतून माझं सणाचं धोतर काढलं, तांबड्या काठाचं, जेमतेम चार वर्षं नेसलेलं, आणि नेऊन दिलं. म्हटलं, अरे, बापाचं धोतर सोडून तू बढती मिळवणार? तर म्हणतो, "बाबा, तुम्हीच म्हणता ना, वस्तू कामाला यावी." म्हटलं, जाऊ दे, बाळाच्या अंगाला लागेल. मग मॅनेजरकडे बारशाला आम्हाला बोलावणं आलं. गेलो. पाळण्यात पाहतो तर पोर मुंबईच्या दुकानातल्या लोकरी कापडात गुंडाळलेलं, घामाने थबथबलेलं. आणि माझं धोतर? माझं धोतर काचेच्या कपाटात. घडी घालून, वर हळदकुंकू वाहून, बाजूला चिनी मातीचा मोर. बाई मला म्हणतात, "रोज उदबत्ती लावतो आम्ही."

अक्का, मी त्या घरी पाणी प्यायलो नाही. ज्या धोतराने अजून दोन वर्षं मला झाकलं असतं, मग तीन पोरं निजवली असती, मग ताक गाळलं असतं, मग जमीन पुसली असती, त्याला या लोकांनी मोराशेजारी बसवून उदबत्तीचा धूर हुंगायला लावला. वापरून झिजवलं असतं तर मी हसलो असतो. पुजून ठेवलं म्हणजे टाकलंच की ते. लोक उकिरड्यावर टाकतात त्याला आपण उधळपट्टी म्हणतो, आणि कपाटात टाकतात त्याला श्रद्धा म्हणतो. माझ्या मते उकिरडा बरा, तिथून निदान गाय तरी काही उचलते. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो. झुलालने माझा हात धरून मला बाहेर आणलं. बढती काही झाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता देवपुरात फिरायची सोय उरलेली नाही. ज्या आळीत जावं तिथे कडेवरच्या पोराच्या अंगात माझा काठ. एकाच्या पाठीवर माझ्या दौतीचा डाग आहे, मी ओळखला. दुसऱ्याच्या टोपड्यावर तो जळका ठिपका, दिवाळीत फुलबाजी पडली होती तो. पोरं गोड आहेत, माझं पोरांशी काही वैर नाही. मला पाहून हात पुढे करतात, आणि मी घेतलं की ओली करतात, आणि त्यांच्या आया म्हणतात, "राहू द्या आबा, तुमचंच कापड आहे." घरात आज सात नारळ आहेत आणि कमरेला लावायला कापड नाही.

हे सगळं चाललेलं असताना मी एक शहाणपण केलं होतं. पाचवं धोतर, सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मऊ, सायीसारखं, ते मी पुष्पाच्या बाळासाठी म्हणून बाजूला काढलं होतं. रिठ्याच्या पाण्यात स्वतः धुतलं. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं आणि त्या डब्यावर मी बसायला लागलो. जेवायलाही तिथेच. लोक येत, नारळ ठेवत, मी म्हणायचो, संपली, पुढच्या वर्षी या. कोणाचं काही ऐकलं नाही. म्हटलं, सगळ्या तालुक्याच्या पोरांना लागलं, आता माझ्या पणतवंडाला लागू दे.

आणि आठ दिवसांपूर्वी मी ते धोतर काढून तुझ्या भावजयीच्या हातात दिलं, म्हटलं, हे घे, झबली शिवायला बस. तिने हातात घेतलं, गालाला लावून पाहिलं, आणि परत माझ्या हातात दिलं.

"चांगलं आहे," म्हणाली, "पण हे नाही चालायचं."

का? तर घरचं आहे. जिची राहत नाहीत तिच्या बाळाला घरचं कापड लावायचं नसतं, मागून आणलेलं लावायचं असतं. दुसऱ्याच्या दारात जायचं, पदर पसरायचा, बाळासाठी जुनं द्या म्हणायचं, तेव्हा ते लागू पडतं. म्हणाली, मागितलं म्हणजे देवाला कळतं की यांना खरंच पाहिजे आहे. मी म्हटलं, देवाला कळायला काय कार्ड दाखवावं लागतं? ती म्हणाली, आधीच्या दोघांना तुमचंच धोतर लावलं होतं.

ते खरं आहे. मी विसरलो नव्हतो, पण मी ते तसं जोडलं नव्हतं.

धोतर परत डब्यात घालून दोन दिवस मी त्यावर बसलो. तिसऱ्या दिवशी मात्र राग आलाच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. सोनगीरची म्हातारी माझ्या वयाची घासाघीस करते, मॅनेजरीण उदबत्ती लावते, आणि माझ्या स्वतःच्या घरात माझ्या धोतराला किंमत नाही. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, घरचं चालत नाही ना? मग आपण ते बाहेरचं करून आणू. मी हे धोतर वनाला देतो. म्हणजे ते वनाच्या घरचं झालं. मग तू वनाच्या दारात जा, पदर पसर आणि मागून आण. मागूनही झालं, धोतरही आपलं. तुझी भावजय हसीनाबीला विचारायला गेली. हसीनाबीने डोळे मिटले, मनात काही मोजलं आणि सांगितलं, "चलेगा. लेकिन एक रात वना के घर रहना पडेगा. तब उसका होगा."

तर धोतर एका रात्रीच्या वस्तीला वनाच्या घरी गेलं. वनाला सगळं समजावून सांगितलं होतं. सकाळी तुझी भावजय नवं लुगडं नेसून, पदर पसरून वनाच्या दारात उभी राहिली. आतून वनाची बायको बाहेर आली, आणि तिच्या हातात नारळ. तो नारळ पाहिला आणि मी इकडे ओट्यावरच कपाळाला हात लावला. वनाच्या सुनेला पहाटे बाळ झालं होतं. आठव्यातच. पोर घाईने आलं, हाताला जे मऊ लागलं ते त्यांनी घेतलं. वनाची बायको रडत होती, म्हणत होती, "वहिनी, डोळ्यांपुढे तेच होतं हो." तुझी भावजय तशीच पसरलेल्या पदराने आत गेली, बाळ पाहिलं, पदराने त्याचं नाक पुसलं आणि नारळ घेऊन घरी आली. मी वनाला रागवायला गेलो होतो. बाळ पाहून आलो. नाक चपटं आहे, पण श्वास चांगला घेतं. आता काय रागवणार? पण राग आहेच, अक्का, तो कुठे ठेवू? त्या डब्यात ठेवला आहे. डबा आता रिकामाच आहे.

तेव्हा उरलं एक. सहावं. ते माझ्या अंगावर आहे. कार्डावरचं पुढचं कापड माघाआधी मिळत नाही. तरी मी म्हणतो, हे घ्या, मी घोंगडी गुंडाळून तोवर घरात बसतो. पण घेणार कोण? पुन्हा तेच, घरचं चालत नाही. माझं म्हणणं असं, की पुष्पा जळगावची झाली. लेक दिली ती दुसऱ्या घरची झाली. तिचं बाळ त्या घरचं, त्या कुळीचं. मग माझं धोतर त्याला परघरचं ठरलं की नाही? हे मी तुझ्या भावजयीला रीतसर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "पुष्पाला ऐकू जाईल असं बोलू नका, ती परक्या घरची म्हणून." मी हळू आवाजात पुन्हा मांडलं. तिने ऐकलं नाही.

म्हणून निकाल तू दे. तू आमच्यात थोरली, तुझी नऊच्या नऊ जगली, तुझा शब्द तुझी भावजय देवाच्या शब्दाआधी मानते. मास्तरांकडून चार ओळी लिहून पाठव, की पणजोबाचं धोतर चालतं. जास्त काही लिहू नकोस. सूनबाई, पुष्पा, सगळ्यांचे नमस्कार. तुझ्या लेकाला, अभिमनला, आशीर्वाद. कळावे, लोभ तुझा आहेच, तो आणखी वाढवायला तुझ्याकडे जागा नाही हे मला माहीत आहे.

तुझा धाकटा,
रुपचंद

ता. क. मास्तर, इथून पुढचं ओट्यावर वाचू नका, अक्काच्या कानाशी वाचा. अक्का, निकाल वगैरे राहू दे. तुझी भावजय काही तुझं ऐकून मनातून कबूल व्हायची नाही, आणि मन कबूल नसताना शिवलेलं झबलं कोणाच्या उपयोगाचं. खरी गोष्ट अशी, की तिला तुझं लुगडं पाहिजे आहे. तुझं जुनं, रोजच्या नेसणीतलं. ती तुला मागायला लाजते, कारण मागे एकदा तू दिलेल्या पापडांना तिने नावं ठेवली होती. मी दारात येणाऱ्या सगळ्यांना वर नावं ठेवली आहेत, ती खोडत नाही. पण मीही आता तुझ्या दारात तसाच उभा आहे. नवं पाठवू नकोस. गाडीने येणाऱ्या कोणाबरोबर पाठव.

ता. क. दुसरा, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी. झुलालने हे पत्र तीन दिवस खिशात फिरवलं आणि टपालात टाकलंच नाही, म्हणून त्यावरच पुढे लिहितो. कागदाला अजून थोडी जागा आहे.

आज दुपारी पुष्पा बाळंत झाली. हसीनाबी आतून ओरडली, कपडा लाओ. घरात कंट्रोलचं उभं राहणारं कापड, आणि मी. तुझी भावजय माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी काष्ट्याला हात घातला, तर तिने मान हलवली. मग काय झालं कोणास ठाऊक, ती मागच्या दाराने बाहेर पडली. मला वाटलं, वनाकडे गेली. एवढ्यात पुढच्या ओट्याखालून आवाज आला. पाहतो तर ती. पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, पुढे पसरलेला, मान खाली. परक्या बाईसारखी म्हणाली, "आबा, बाळासाठी जुनं धोतर द्या."

अक्का, आमच्या लग्नाला छप्पन वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. रोज येणाऱ्यांना विचारतो तेच तोंडातून गेलं, कोणत्या गावच्या? म्हणाली, "चाळीसगावची." ते खरंच आहे, माहेर तिथलंच. कोणासाठी? म्हणाली, "नातीच्या बाळासाठी. पहिली दोन राहिली नाहीत." मी म्हटलं, थांबा बाई, देतो. आत जाऊन घोंगडी गुंडाळली, धोतर सोडलं, आणि ओट्यावर येऊन तिच्या पदरात घातलं. तिने पदर कपाळाला लावला आणि पुढच्या दाराने आत गेली.

मुलगी आहे. पहिल्या दोघांना रडायलाही येत नव्हतं, हिचा आवाज वनाच्या घरापर्यंत जातो आहे. पुष्पा निजली आहे, हसीनाबी अजून उठून गेलेली नाही. दहा दिवस जाईपर्यंत मी काही बोलणार नाही, लिहिणारही नाही.

लुगडं पाठवलंस तर उत्तम, बाळाला ते दुसरं होईल. पण त्याआधी, मिळेल त्या गाडीने, अभिमनचं एक धोतर पाठव. जुनं असो, विटलेलं असो, भोकं असली तरी चालतील, पण नेसता येईल असं पाहिजे. बाराव्या दिवशी बारसं आहे, आणि पोर मांडीवर द्यायचं म्हणतात, तर पणजोबाची मांडी झाकलेली असावी.